स्नाइप पकडायला गेलो होतो, गोणपाट घेऊन

गुहागरी_बाणा

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर झालं असं. मी सध्या विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला असतो, नोकरीनिमित्त, येऊन आठ महिने झाले. मे अखेरच्या लाँग वीकेंडला ऑफिसातल्या सात-आठ जणांनी तळ्याकाठी कॅंपिंग ठरवलं आणि मलापण ओढलं. तंबू ठोकले, शेकोटी पेटवली, मक्याची कणसं भाजून झाली. अंधारायला लागलं तसा आमच्यातला सगळ्यात सीनियर (नाव नको, दाढीवाला म्हणू) मला विचारतो, तू कधी स्नाइप हंटिंग केलंयस का रे? मी म्हटलं नाही ब्वॉ. तर सगळे एकदम गंभीर. म्हणे इथे येऊन स्नाइप नाही पकडला म्हणजे काय केलंस.

मग पद्धत समजावली. स्नाइप म्हणजे एक पक्षी, दलदलीत असतो, अंधार पडला की बाहेर येतो आणि उडण्यापेक्षा पळतोच जास्त. एकाने पोतं उघडं धरून उकिडवं बसायचं, शेजारी टॉर्च लावून ठेवायचा, दोन दगड एकमेकांवर आपटत राहायचे आणि मधून मधून स्नाइप, स्नाइप अशी हाक घालायची. बाकीचे लांबून वळसा घालून हाकारे देत पक्षी पोत्याकडे हाकलत आणणार. पोतं धरणं मानाचं काम म्हणे, पाहुण्यालाच देतात.

आता तुम्ही म्हणाल एवढा शिकलेला घोडा, विश्वास कसा ठेवलास. अहो मी कोकणातला! आमच्याकडे मृगाचा पहिला दणका पडला की रात्री बत्ती आणि गोणपाट घेऊन व्हाळात जातात, कुर्ल्या उजेडाने दिपतात, जागच्या हलत नाहीत, वरून पाय ठेवायचा, मागून नांगी धरायची आणि गोणपाटात टाकायची. चढणीचे मासे तर शेताच्या बांधाला नुसते हाताने धरलेत मी. माझ्या मामाने गोणपाट माझ्याकडे देऊन मला असंच तासतासभर काठावर बसवलेलं आहे, त्यामुळे दाढीवाला जे सांगत होता त्यात मला शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही, उलट मनात म्हटलं चला, इथली माणसं पण आपल्यासारखीच निघाली.

बसलो. तळ्याच्या कडेला ओलं गवत, पाऊल टाकलं की पचपच, आणि डास असे की आपल्याकडचे डास संत वाटावेत. दहा मिनिटं हाकारे ऐकू आले, मग तेही बंद. मी आपला दगड आपटतोय. एक तास वीस मिनिटं!! परत आलो तर मंडळी शेकोटीभोवती बिअर घेऊन लोळतायत, हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी. म्हणे स्नाइप नावाचा पक्षीच नसतो, नवीन माणसाला बनवायची इथली जुनी रीत आहे. मी पण हसलो, काय करणार.

पण धागा काढायचं कारण वेगळंच. तिथे बसलेलो असताना डोक्यावरून, चांगल्या उंचीवरून एक आवाज येत होता. हू-हू-हू-हू-हू-हू असा थरथरता, बारीक सुरू होऊन चढत जायचा आणि मग विरायचा, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकावं तसा. दर मिनिटा-दोन मिनिटांनी. वर बघावं तर काही नाही, पुसट उजेड होता अजून पण काहीच दिसेना. खरं सांगतो, अर्धी रामरक्षा म्हणून झाली माझी. परत येऊन विचारलं तर म्हणे आम्ही काही आवाजबिवाज काढला नाही, घुबड असेल नाहीतर बेडूक. मला ते पटलेलं नाही. बेडूक वर कशाला जाईल?

तर कुणाला असा अनुभव आहे का, आणि तो आवाज कशाचा असेल?

आळशी_बोका

पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

लष्करच्या_भाकऱ्या

मेलो हसून. ऑफिसात बसून वाचतोय, बाजूचा विचारतोय काय झालं. हातावर तुरी दिल्या म्हणतात ते असं, तुमच्या तर हातात अख्खं पोतं दिलं. रामरक्षेला दंडवत _/\_

मिलवॉकीचा_मल्हारी

हाहा, वेलकम टू विस्कॉन्सिन. मी बावीस वर्षं इथे आहे, माझा मुलगा स्काउटमध्ये होता तेव्हा पहिल्याच कॅंपला त्याला असंच बसवलं होतं, घरी येऊन आठवडाभर कुणाशी बोलला नाही आणि पुढच्या वर्षी त्यानेच चार नवीन पोरांना बसवलं. हे फार जुनं आहे हो, १८४० च्या दशकापासून अमेरिकेत चालत आलंय. तेव्हा शहरातून आलेल्या नवख्या माणसाची मजा घ्यायला करायचे, पुढे समर कॅंप आणि स्काउटवाल्यांनी उचललं. एक प्रकारची मुंजच म्हणा, एकदा पोतं धरून बसलात की तुम्ही त्यांच्यातले. वाईट वाटून घेऊ नका, ज्याला बोलावत नाहीत त्याला बनवतही नाहीत.

बाकी स्नाइप बिइप काही नसतो. ते डायनासोर-कोंबडी टाइप बनवलेलं प्रकरण आहे. आवाज घुबडाचाच असणार, इथे बरीच आहेत.

पाणकावळा

मल्हारीराव, थांबा थांबा. स्नाइप नसतो?? मी गेल्याच डिसेंबरात नांदूर मध्यमेश्वरला एका सकाळी नऊ मोजलेत, दुर्बिणीतून, दहा फुटांवर एक तर असा बसला होता की पाच मिनिटं मी त्याला शेणाचा पो समजत होतो.

स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. भिगवणला, पाषाणला, कुठल्याही ओल्या खाचरात थंडीत सापडतो. पारव्यापेक्षाही लहान अंग, तपकिरी, पाठीवर पिवळट पट्टे, वाळल्या गवतात गडप होतो आणि चोच मात्र अंगाला न शोभणारी, सरळ लांबलचक. ती चोच चिखलात मुळापर्यंत खुपसून तो शिलाई मशीनसारखी वरखाली करत किडे-गांडुळं काढतो. गंमत म्हणजे चोचीचं फक्त टोक वेगळं उघडता येतं त्याला, म्हणजे बाकी चोच चिखलात मिटलेली राहते आणि आतल्या आत टोकाने गांडूळ धरलं जातं. टोकाला संवेदनाही असते, दिसायची गरजच नाही. डोळे म्हणून डोक्यावर इतके मागे आहेत की चोच चिखलात असताना पण मागचं-वरचं सगळं दिसत असतं.

अमेरिकेत असतो तो विल्सन्स स्नाइप, आपल्याकडच्या कॉमन स्नाइपचा सख्खा भाऊ, इतका सारखा की अगदी २००० नंतरच अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी त्याला वेगळी जात मानलं. विस्कॉन्सिनच्या दलदलीत तर तो वीण करतो. तेव्हा तुमच्या दाढीवाल्याला सांगा की पक्षी आहे, फक्त पोत्यात येत नाही.

आणि @गुहागरी_बाणा, त्या आवाजाबद्दल मला एक दाट संशय आहे. पण आधी सांगा: आवाज एका जागेवरून येत होता की फिरत होता? आणि अंधार पूर्ण पडल्यावर की तिन्हीसांजेला?

गुहागरी_बाणा

बाप रे! खरा असतो??

फिरत होता. आत्ता डाव्या हाताला, मग एकदम पाठीमागे, मोठं रिंगण घालत असल्यासारखा. आणि सुरुवातीला जास्त होता, म्हणजे पश्चिमेला तांबडं होतं तोवर, अंधार झाल्यावर कमी झाला पण पुरता थांबला नाही. का हो? सस्पेन्स नका ठेवू, इथे रात्रीचे बारा वाजलेत.

सुमाताई

पाणकावळा सांगतीलच, तोवर माझं एक अवांतर. आम्ही काही वर्षं लखनौला होतो, तिथे एका पक्षीवाल्या गृहस्थांबरोबर फिरायला गेले तर ते सारखे म्हणायला लागले, वो देखिए चहा, वहाँ दो चहा बैठे हैं. मी आपली टपरी शोधतेय! नंतर कळलं की हिंदीत स्नाइपला चहा म्हणतात, काही जण चाहा पण म्हणतात. मराठी माणसाची केवढी पंचाईत. ह्यांनी तर विचारलंच, साखर घातलेला का.

आळशी_बोका

म्हणजे बाणा साहेब एक तास वीस मिनिटं चहाची वाट बघत बसले होते. सरकारी ऑफिसात होतं असं.

पाणकावळा

हाहा बोका.

ऐका आता. तुमच्या डोक्यावर जो फिरत होता तो स्नाइपच होता. नर. विणीच्या दिवसांत तिन्हीसांजेला आणि पहाटे तो आपल्या हद्दीवर उंच चढतो, मोठाली रिंगणं घालतो आणि मधेच तिरका सूर मारतो. सूर मारताना शेपटीची दोन्ही कडेची पिसं बाजूला ताठ काढतो, त्यांवरून वारा जातो आणि ती थरथरतात. हा जो हू-हू-हू आहे तो घशातला नाहीच, शेपटीचा आहे! आणि तो तुटक तुटक का येतो, तर सुरात असतानाही पंख फडफडत असतात, प्रत्येक फडफडीने शेपटीवरचा वारा कापला जातो. म्हणून थरथर. पक्षी लहान आणि उंच, उजेड कमी, म्हणून वर बघून काही दिसत नाही. जगभर लोक घाबरलेत याला, तुम्ही एकटे नाही. फिनिश भाषेत याचं नावच आभाळातली बकरी, जर्मनीतही त्याला तेच म्हणतात, कारण त्यांना ते बेंबाटणं वाटतं.

हा आवाज तोंडाचा, पंखांचा की शेपटीचा यावर युरोपात खूप भांडणं झाली. १९व्या शतकात मेव्हेस नावाच्या माणसाने, स्वीडनच्या म्युझियममध्ये होता तो, शेवटी शेपटीचं पीस काढून काठीला बांधलं आणि हवेत सपकन फिरवलं. तोच आवाज! मिटला वाद. मला हा प्रयोग अतोनात आवडतो, ना मशीन ना काही.

आपल्याकडे महाराष्ट्रात पाणलावा फक्त हिवाळी पाहुणा, ऑगस्ट-सप्टेंबरला येतो, एप्रिलपर्यंत जातो, वीण इथे करत नाही त्यामुळे हा आवाज मी बावीस वर्षं पक्षी बघून एकदाही प्रत्यक्ष ऐकलेला नाही. भारतात ऐकायचा तर काश्मीरकडे जावं लागेल. आणि तुम्ही फुकटात, बिअरवाल्यांच्या खर्चाने ऐकलात. मला तुमचा हेवा वाटतोय, खरंच.

गुहागरी_बाणा

अंगावर काटा आला राव. म्हणजे मी खाली पोतं धरून स्नाइप स्नाइप ओरडतोय आणि तो बरोबर माझ्या डोक्यावर!

मिलवॉकीचा_मल्हारी

माझे शब्द मागे. बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही हो. मुलाला फोन केला, त्यालाही माहीत नाही, तो तर ईगल स्काउट आहे, म्हणजे स्काउटमधला सगळ्यात वरचा दर्जा. दंडवत घ्या पाणकावळा.

जुनी_काडतुसे

मी निवृत्त फौजी, इथे क्वचित लिहितो. विषय जिव्हाळ्याचा म्हणून लिहितोय.

पोत्याची थट्टा ठीक, पण स्नाइप शूटिंग हा खरा खेळ होता आणि अमेरिकेत अजून आहे, लायसन्स काढून, ठरलेल्या हंगामात, दिवसाला आठ पक्ष्यांची मर्यादा. माझे आजोबा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत होते, ४०-५०च्या दशकात भिवंडी-कल्याणकडच्या भातखाचरांतून साहेबलोकांबरोबर आणि नंतर आपल्याच लोकांबरोबर जायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. भात कापून झालं की खाचरात उरलेल्या ओलीत हे बसायचे. चार-पाच जण एका ओळीत, गुडघाभर चिखलात चालायचे, आणि वारा नेहमी पाठीवर घ्यायचा. नवशिका उलटं करतो. स्नाइप वाऱ्यावर तोंड करूनच उठतो, त्यामुळे वारा पाठीशी असला की तो उठतो तुमच्याकडे आणि मग आडवा वळतो, म्हणजे नेम धरायला निमिषभर मिळतो. समोरून वारा असेल तर तो सरळ लांब पळतो, गेला. उठतो तो पायाखालूनच, चिरका आवाज करत, आणि मग डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खात जातो, दारू प्यायल्यासारखा, पण वेग भयानक. बारा बोरची बंदूक आणि बारीक छर्रा, आठ नंबर. आजोबा म्हणायचे वाघ मोठा असतो म्हणून लागतो, पाणलाव्याला मारून दाखवा.

तो स्नायपर शब्द आहे ना, तो इथूनच आला. १७७०च्या दशकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी घरच्या पत्रांतून स्नाइपच्या शिकारीला जातो असं लिहायला लागले, त्याचं क्रियापद झालं, मग ज्याला स्नाइप मारता येतो तो स्नायपर. बंदुकीवाल्या सैनिकाला नंतर चिकटलं. आम्ही ट्रेनिंगमध्ये हा शब्द हजारदा वापरला, पण आमच्या भातखाचरातला पक्षी त्याच्या मागे आहे हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

लष्करच्या_भाकऱ्या

काडतुसे सर, हे भारी आहे. म्हणजे स्नायपरचा जन्म आपल्याकडच्या चिखलात. मला वाटायचं पहिल्या महायुद्धातला शब्द.

तृणमूल_नव्हे_तृणपाते

माफ करा पण मला या कौतुकाचा त्रास होतोय. मूठभर मांस नाही त्या पक्ष्याच्या अंगावर, आणि त्याला मारणं हा खेळ? थट्टाच बरी त्यापेक्षा, निदान कुणी मरत नाही.

जुनी_काडतुसे

ताई/दादा, मी मारलेला नाही एकही. आणि बाजूही घेत नाही. लुइझियानात प्रिंगल नावाचा एक गृहस्थ होता, त्याने १८६७ ते १८८७ या वीस वर्षांत ६९ हजारांच्या वर स्नाइप मारले, हिशेब वहीत लिहून ठेवून! एका दिवशी ३६६. याला खेळ म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. आपल्याकडे बदकांचं बघा, भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी एका दिवसात ४२७३ पक्षी पाडले. ती जागा आता केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

पण एक लक्षात घ्या, पक्ष्यांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या बंदूकवाल्यांनीच लिहून ठेवलंय. ॲलन ह्यूम, तोच तो काँग्रेसवाला, त्याने मार्शलबरोबर भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले १८७९ ते ८१ मध्ये. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १८८३ला आठ जणांनी काढली त्यांतही शिकारीची आवड असलेले होतेच, आणि सालिम अली पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली आणि ती वेगळी दिसली म्हणून.

तृणमूल_नव्हे_तृणपाते

ओके, हे पटलं. (आयडी दादांचा आहे, ताई नव्हे.)

खवय्या_खानदेशी

खायला कसा लागतो पण? आपल्याकडे मिळतो का कुठे?

पाणकावळा

@खवय्या, मिळत नाही आणि मिळवायचाही नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, १९९१च्या दुरुस्तीत तेही गेले. पकडला तर पाणलावा महाग पडेल, कोर्टात. कोंबडी खा.

रच्याकने ओळखायला शिकायचं असेल तर एक डोकेदुखी सांगतो. आपल्याकडे दोन पाणलावे सरसकट दिसतात, कॉमन आणि पिनटेल. बसलेले असताना मी तरी पैज लावत नाही. उडाले की बघा, पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी किनार असेल तर कॉमन, नसेल तर पिनटेल. कॉमनच्या शेपटीत साधारण १४ पिसं, पिनटेलच्या २६च्या आसपास आणि त्यातली कडेची टाचणीसारखी बारीक, म्हणून नाव पिनटेल. पण उडत्या पक्ष्याची शेपटी मोजणारा अजून जन्मायचाय. आणि ग्रेट स्नाइप म्हणून तिसरा एक आहे, आपल्याकडे क्वचित, तो स्वीडनहून आफ्रिकेत न थांबता जातो, ६८०० किलोमीटरपर्यंत, खाणं नाही, उतरणं नाही.

सुमाताई

रंगीत पाणलावा राहिला की! तोच माझा लाडका. त्यात मादी रंगीत, तांबूस गळा आणि डोळ्याभोवती चष्म्यासारखं पांढरं, नर बापडा मळकट. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. ह्यांना दाखवला तेव्हा म्हणाले चला, लांब लेन्स गाडीत राहिली.

पाणकावळा

बरोबर ताई, फक्त तो नावाचाच पाणलावा, खऱ्या स्नाइपच्या कुळातला नाही. पण असो, संसार त्याचा वाचनीय आहे.

राइनकाठची_रमा

मी जर्मनीत, मानहाइमच्या बाजूला. बाणा, तुमची गोष्ट वाचून नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, कारण त्याला गेल्या वर्षी अगदी हेच झालं! इथे पॅलॅटिनेट भागात एल्वेट्रिच नावाचं जनावर आहे, कोंबडीसारखं पण शिंगं वगैरे, द्राक्षांच्या मळ्यात राहतं म्हणे. पाहुण्याला रात्री मळ्यात नेतात, हातात पोतं आणि कंदील देतात, उजेडाला ते भुलतं आणि पोत्यात शिरतं, बाकीचे हाकलायला म्हणून जातात ते थेट वाइनच्या दुकानात. तेच पोतं, तोच उजेड! नॉयश्टाट गावात तर त्या नसलेल्या प्राण्यांचं भलंमोठं कारंजं आहे. फरक एवढाच की इथे खरंच काही नसतं, तुमच्यासारखा डोक्यावर खरा पक्षी फिरत नाही.

आल्प्समधला_अण्णा

फ्रान्सात दाहू. डोंगरउतारावर राहून राहून त्याचे एका बाजूचे पाय आखूड झालेत, त्यामुळे तो डोंगराला एकाच दिशेने प्रदक्षिणा घालतो. पकडायची पद्धत: मागून जाऊन जोरात ओरडायचं, तो दचकून वळतो, वळला की आखूड पाय उताराकडे येतात, तोल जाऊन गडगडत खाली, आणि खाली तुम्ही पोतं घेऊन उभे. मला हे ज्याने सांगितलं तो इतका शांतपणे सांगत होता की मी विचारलं उजव्या पायाचे आणि डाव्या पायाचे वेगळे असतात का. तर म्हणे हो, दोन जाती आहेत. स्पेनमध्ये गामुसिनो, पोर्तुगालात गांबोझिनो, पोरांना रात्री ते धरायला पाठवतात.

स्पॅनर_मामा

लांब कशाला जाता. मी शॉपफ्लोअरवर ॲप्रेंटिस होतो तेव्हा फोरमननी मला स्टोअरला पाठवलं, म्हणे स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा संपलाय, नवीन घेऊन ये. स्टोअरवाला म्हणाला आमच्याकडचा संपला, मेंटेनन्सला बघ. मेंटेनन्सवाला म्हणाला बारीक पाहिजे की मोठा. मी परत फोरमनकडे, साइज विचारायला. अख्ख्या प्लँटला फेरी झाली माझी, आणि सगळ्यांनी चेहरा अगदी सरळ ठेवलेला. पण त्या एका दिवसात मला सगळे डिपार्टमेंट, सगळी माणसं नावानिशी माहीत झाली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझी जागा धरून ठेवलेली होती.

लष्करच्या_भाकऱ्या

मोठा की बारीक हाहाहा. मामा, बुडबुडा मिळाला का शेवटी?

स्पॅनर_मामा

रिटायर झालो तेव्हा स्टोअरवाल्याने रिकामी बाटली गिफ्ट दिली, आत बुडबुडाच आहे म्हणाला.

मिलवॉकीचा_मल्हारी

बाणा, तुम्ही आता परत जा त्या तळ्यावर. जून चालू आहे, अजून ऐकू येईल. दाढीवाल्याला घेऊन जा.

गुहागरी_बाणा

मंडळी, अपडेट. उशीर झाला, इथे धाग्याने शंभरी गाठायच्या आत टाकतो.

गेलो. शनिवारी. दाढीवाल्याला म्हटलं तुमच्या तळ्यावर मासे धरायला नेता का, लगेच तयार झाला, माणूस मनाने चांगलाच आहे. एक सांगायला विसरलो होतो, तो त्याच भागातला, आजोबांपासून त्या तळ्यावर जातोय, पन्नाशी उलटलीय. साडेआठ-पावणेनऊला गळ गुंडाळले आणि मी म्हटलं जरा पाच मिनिटं गप्प बसू. आकाश तांबडं होतं. आणि आला! लांबून बारीक, मग डोक्यावर, हू-हू-हू-हू-हू. मी बोटाने वर दाखवलं. तो म्हणाला हो, हे तर मी लहानपणापासून ऐकतोय, दर उन्हाळ्यात, घुबड आहे.

मी म्हटलं हा स्नाइप.

तो हसला, म्हणाला बरं, आता तू मला पोत्यात घालतोयस. मी फोन काढून विल्सन्स स्नाइपचं रेकॉर्डिंग लावलं. तोच आवाज. एकदम गप्प झाला. फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला, चोच बघितली, मग पाणकावळ्यांनी इथे वर लिहिलंय ना, त्याला सांगा म्हणालेले, ते मी सगळं सांगितलं, नऊ मोजले, खाचरात बसतात, चिखलात चोच खुपसतो. मान डोलावत होता. पक्षी आहे हे पटलं त्याला. मग खूप वेळ वर बघत राहिला, आम्हाला एकदा दिसला पण, बोटाएवढा ठिपका तिरका खाली येताना, अगदी क्षणभर.

मग म्हणाला, मस्त गातो रे, एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज कसा काढतो?

मी म्हटलं गळ्यातून नाही, शेपटीतून. बाहेरची दोन पिसं ताठ करतो, वारा लागला की वाजतात.

दाढीवाल्याने माझ्याकडे बघितलं. पाठीवर थाप मारली, गळाची पिशवी उचलली आणि गाडीकडे चालायला लागला. म्हणे नाइस ट्राय, आत्तापर्यंत चांगलं जमवलं होतंस.

पाणकावळा

काठी आणि पीस. काठी आणि पीस घेऊन जा पुढच्या वेळी.

आळशी_बोका

आणि पोतं.